राखाडी पडद्यावरचा हात

चाळिशी उलटली तरी छोटीला घरी छोटीच म्हणत. प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली माणसं होती, खोलीच्या दारावर पदव्यांसकट पाटी होती. पण ताईचा फोन आला की पहिला शब्द "छोटे" आणि शेवटचा प्रश्न "जेवलीस का?" हे ठरलेलं.

आई लवकर गेली, तेव्हा ताई स्वतःच अजून फ्रॉकातून नीट बाहेर आली नव्हती. तिने शिवण शिकून घेतलं, पुढे दुकान टाकलं आणि त्या दुकानावर छोटीचं सगळं शिक्षण झालं. "हिची पदवी मी सुईच्या नेढ्यातून ओवून काढलीय," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. भावोजी मापाची पट्टी गळ्यात टाकून मागून म्हणायचे, "आणि गाठ मी मारलीय, हे कुणी सांगत नाही."

छोटीच्या प्रयोगशाळेत एक डबा तयार होत होता. रंगीत टीव्हीचं चित्र एका टोकाला त्यात शिरायचं, आवळून अगदी बारीक व्हायचं, अरुंद तारेतून दूर जायचं आणि पलीकडच्या डब्यातून पुन्हा उलगडायचं. युक्ती साधी होती. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका जसाच्या तसा पाठवायचा नाही. शेजारचा ठिपका बघायचा, आधीच्या चित्रात त्याच जागी काय होतं तेही बघायचं आणि त्यावरून अंदाज बांधायचा. अंदाज जेवढा चुकेल तेवढी चूकच फक्त तारेवर घालायची. आणि चूक अगदीच किरकोळ असेल तर तीही सोडून द्यायची. डोळ्याला कळत नाही.

कळायचं ते रंगांच्या सीमेवर. भडक लाल जिथे निळ्याला भिडतो तिथे ठिपके वळवळू लागत, जणू कडेवरून बारीक किडे चाललेत. प्रयोगशाळेत त्यांना किडेच म्हणत. हे किडे मारायचं काम छोटीकडे होतं.

त्यासाठी एक नमुना-चित्र हवं होतं. त्यात माणसाची कातडी हवी, बारीक धागा हवा आणि एकमेकांच्या उरावर बसणारे दोन रंग हवेत. छोटी म्हणाली, "माझी ताई आहे ना." ताई ठेवणीतले कपडे घालून आली, दिव्यांखाली बसली आणि निळ्या कापडावर एक मोठं लाल बटण लावून दाखवलं. सुईत दोरा पहिल्यांदा गेला नाही, दुसऱ्यांदाही गेला नाही. "डोळ्यांत दिवे जातात गं," ती म्हणाली. "माझ्या लग्नातही एवढे दिवे नव्हते." सगळे हसले. तिसऱ्या खेपेला दोरा गेला आणि पुढचं सगळं टेपवर चित्रित झालं.

त्यानंतर कित्येक महिने तोच तुकडा फिरून फिरून चालला. ताई टेबलाशी बसलेली, शेजारी कात्री, डाव्या हातात कापड धरलेलं, उजव्या हातात सुई. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनाच ताईचा डावा अंगठा स्वतःच्या अंगठ्यासारखा पाठ झाला. "आज ताईंच्या नखावर किडे कमी आहेत," असं कुणीतरी चहा पिताना सांगायचं, जसं हवेबद्दल बोलावं.

छोटीने शेवटी उपाय काढला तो तिच्याच स्वभावासारखा होता, साधा आणि नेमका. खरी हालचाल कुठेतरी जाते, असं तिने कागदावर मांडलं. हात उचलला की वर जातो, मान वळली की बाजूला जाते. किडे मात्र कुठेच जात नाहीत. एका चित्रात थोडे इकडे, पुढच्यात तेवढेच तिकडे, पुन्हा इकडे. तेव्हा जी बारीक हालचाल जागच्या जागी येरझाऱ्या घालते ती हालचाल नव्हे, ती चूक. तिला डब्याने गिळून टाकावं.

डब्याने गिळलं. पडदा स्वच्छ झाला. हिशेब खात्यातली, भांडारातली, अशी ज्यांचा या विषयाशी काडीचा संबंध नाही ती माणसं बोलावून त्यांना चित्रं दाखवली. सगळ्यांनी नवं चित्र उजवं ठरवलं. एक बाई तर म्हणाल्या, मूळ चित्रापेक्षाही हेच बरं दिसतं. साहेब खूश झाले. पहिलं गिऱ्हाईक ठरलेलंच होतं. एका मोठ्या इस्पितळाला दूरच्या गावांतले रोगी पडद्यावर तपासायचे होते. तज्ज्ञ शहरात बसेल, रोगी तिकडे कॅमेऱ्यासमोर बसेल आणि मध्ये हा डबा. पाहणीसाठी समिती यायची होती.

ती यायच्या दोन दिवस आधी शंकासुराने मोडता घातला. हा छोटीचा सहकारी. उकळत्या पाण्यालाही "नक्की उकळलंय ना?" विचारणारा, म्हणून हे नाव. तो म्हणाला, "राखाडी चित्र कुणी पाहिलंय का?"

राखाडी चित्र म्हणजे टाकून दिलेल्याचं चित्र. मूळ चित्रातून डब्यातलं चित्र वजा करायचं आणि उरेल ते कितीतरी पटींनी ठळक करून पडद्यावर लावायचं. डबा चांगला असेल तर पडदा नुसता राखाडी दिसतो, वाळू उधळल्यासारखा. त्यांच्याकडे नियमच होता, चुकीला आकार नसावा. टाकलेल्या कचऱ्यावरून घर कुणाचं हे ओळखू आलं, तर कचऱ्याबरोबर काहीतरी कामाचंही गेलंय असं समजायचं.

छोटीने राखाडी चित्र लावलं. वाळू दिसली. आणि वाळूच्या मधोमध एक हात होता. एक अंगठा, त्याच्याजवळ एक बोट, आणि दोघं एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. बाकी ताई कुठेच नव्हती. चेहरा नाही, बटण नाही, सुईही नाही.

शंकासुर पडद्याजवळ वाकला. मग हळूच म्हणाला, "तुझी ताई थरथरतेय."

"टेप थरथरतेय," छोटी म्हणाली.

"मग कात्री का नाही थरथरत?"

कात्री त्याच टेबलावर होती, हाताच्या जवळच. टेप हलली असती तर कात्रीही हलली असती. राखाडी पडद्यावर कात्रीचा मागमूस नव्हता.

छोटीने एका पुठ्ठ्याला भोक पाडलं, मूळ चित्राच्या पडद्यावर धरलं आणि नुसता अंगठा पाहिला. तो हलत होता. हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं असंही नव्हतं. मूळ चित्रातही नखाची कड किंचित हलते हे तिला महिन्यांपूर्वीच दिसलं होतं आणि तेव्हाच तिने मनात टेपला दोष देऊन टाकला होता. यंत्र चुकू शकतं. ताईचा हात चुकतो, ही शक्यता तिने कुठल्याच कागदावर मांडली नव्हती.

"साहेबांना सांगायला हवं," शंकासुर म्हणाला. "डबा इस्पितळात जाणार आहे."

"मला ठाऊक आहे कुठे जाणार आहे ते."

"तसं नाही गं. मी फक्त—"

"आजचा दिवस थांब," ती म्हणाली. आणि तो थांबला. शंकाही काढली नाही.

दुकानात ती संध्याकाळी पोचली तेव्हा ताई मशीनवर होती आणि भावोजी गल्ल्याशी बसून सुया ओवत होते. पिनकुशनवर ओवलेल्या सुयांची रांग होती, पांढरा दोरा, काळा, तपकिरी, सगळे तयार.

"हे काय नवीन?" छोटीने विचारलं.

"बढती झाली माझी," भावोजी म्हणाले. "आधी मालक होतो, आता मदतनीस. तुझ्या ताईला म्हणे चाळिशी लागली, नेढं दिसत नाही. चष्मा घे म्हटलं तर म्हणते, तुम्ही आहात ना."

छोटी हसली नाही. भावोजी कपडे पोचवायला बाहेर पडेपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली. ताई उजव्या हाताने कापड सरकवत होती. डावा हात कापडाच्या घडीखाली होता. पूर्वी तो घडीवर असायचा.

"ताई, हात दाखव."

"का, भविष्य सांगतेस?"

"डावा."

ताईने मशीन थांबवलं. थोडा वेळ ती छोटीकडे बघत राहिली, लहानपणी खोटं पकडल्यावर बघायची तशी. पण आज उलटं होतं आणि ते दोघींनाही कळलं. मग तिने हात घडीखालून काढून मशीनच्या फळीवर ठेवला. दोऱ्याच्या टोकाला गाठ मारताना अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरतात, तसे ते फिरत होते. दोरा मात्र नव्हता.

"केव्हापासून?"

"तुझ्या त्या दिव्यांच्या आधीपासून." ताईने हात परत झाकला. "तिथे तुला दिसेल म्हणून भीती होती. तुला दिसलं नाही, तेव्हा वाटलं, फारसं नसेल. तू एवढी शिकलेली."

छोटीने स्टूल मशीनजवळ ओढलं.

"चित्रात दिसतं का?" ताईने विचारलं.

"मूळ चित्रात दिसतं. आमच्या डब्यातून गेलं की दिसत नाही."

"मग डबा चांगला आहे तुझा," ताई म्हणाली. "हे बघ, ह्यांना काही सांगू नकोस. आणि बाहेर तर नाहीच नाही. गिऱ्हाईक कापड देताना आधी शिवणारीचा हात बघतं. एकदा कळलं की संपलंच. त्या डब्यात माझा हात बरा दिसतो ना? एक तरी जागा असू दे बाई, जिथे तो बरा आहे."

छोटीने तेव्हा तिला इस्पितळाचं सांगितलं. दूरच्या गावातलं कुणीतरी कॅमेऱ्यासमोर बसेल, हात मांडीवर ठेवेल, आणि शहरातल्या डॉक्टरला तो हात स्तब्ध दिसेल, हे ती अगदी हळू बोलली, एकेक वाक्य सोडवून. ताई ऐकत राहिली. मशीनच्या चाकावर तिचा उजवा हात होता, ते चाक ती उगीचच मागेपुढे करत होती.

"म्हणजे माझ्यासारखी कुणी बसली तर डॉक्टर म्हणेल, बाई ठणठणीत."

"हो."

"मग काढून टाक ते. पण माझं चित्र कुणाला दाखवू नकोस."

"नुसतं तोंडी सांगून ऐकणार नाहीत ताई. सगळ्यांनी हेच चित्र बघून पसंती दिलीय. साहेब म्हणतील, एवढं छान चाललंय, तुला मध्येच काय सुचलं? पुरावा एवढाच आहे. तू नाही म्हणालीस तर मी दाखवणार नाही. काय करीन ते माहीत नाही, पण दाखवणार नाही."

ताईने दिवा मालवला, मशीनवर खोळ घातली. एका हाताने. "आधी मला बघू दे," ती म्हणाली. "माझा हात आहे."

दुसऱ्या दिवशी ती आली. शंकासुराने खुर्ची पुसून दिली आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून बाहेर गेला. छोटीने तिन्ही पडदे लावले. डावीकडे मूळ चित्र, मध्ये डब्यातून आलेलं, उजवीकडे राखाडी.

ताईने राखाडीकडे एकदाच पाहिलं आणि नजर काढली. मग ती मधल्या पडद्यासमोर बसली. तिथे तिचा हात कापड धरून होता, दगडासारखा स्थिर. सुई खाली गेली, वर आली. लाल दोरा ताणला गेला.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

छोटीने पुन्हा लावलं. आणि पुन्हा. ताईच्या चेहऱ्यावर ती फक्त कधीकधी येणारी नरमाई आली होती, छोटीची शाळेतली बक्षिसं बघताना यायची ती. छोटीला वाटलं, आता ही नाही म्हणणार, आणि म्हणू दे. आपल्याला हिच्याकडून एवढंसुद्धा काढून घेता येणार नाही.

मग ताई पुढे वाकली. "थांबव इथे."

छोटीने चित्र थांबवलं.

"बटण वाकडं लागलंय."

"काय?"

"बघ ना. वरची दोन भोकं एका पातळीत नाहीत. कापड सरकलंय टाक्याखाली. त्या दिवशी लक्षात आलं होतं माझ्या, पण तुमची घाई होती." ती मधल्या पडद्यावरच्या स्थिर अंगठ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "आणि हा बघ. हा तर हललाच नाही. हात हलला नाही, तर मग बटण वाकडं का लागलं?"

छोटीला उत्तर माहीत होतं. वाकडं बटण जागच्या जागी येरझाऱ्या घालत नाही. ते जिथे लागलं तिथे राहतं, म्हणून डब्याने त्याला हात लावला नाही. वाकडेपणाचं कारण तेवढं पुसलं होतं आणि झालेलं नुकसान जसंच्या तसं ठेवलं होतं. पण हे सगळं ताईला सांगावंसं वाटेना.

"हे बघणारा म्हणेल, बाई धडधाकट आहे, पण हिला बटण लावता येत नाही," ताई म्हणाली. "आयुष्यभर लोकांची बटणं लावली मी." तिने पिशवी उचलली, उठली. "दाखव तुझ्या साहेबांना. थरथर दिसू दे. तरी निदान बटणाचं कारण कळेल."

दाराशी ती थांबली. "ह्यांना मीच सांगते. तू मध्ये बोलू नकोस."

समितीसमोर छोटीने तीन पडदे लावले आणि राखाडी हाताजवळ उभं राहून सांगितलं की ही चूक डब्याची नाही, ही माझी बहीण आहे, आणि माझ्या उपायाने तिला पुसलं. साहेबांनी नंतर खोलीत बोलावून, "आधी कळायला नको होतं का?" एवढंच विचारलं. त्यावर ती "हो" म्हणाली. उपाय डब्यातून काढून टाकला गेला. किडे परत आले. इस्पितळाने डबा घेतला, थोड्या किड्यांसकट. शंकासुर म्हणाला, "किड्यांची डॉक्टरांना सवय असते." त्याचा हा विनोद कुणालाच फारसा चढला नाही, पण छोटीने त्याच्यासाठी चहा मागवला.

त्या संध्याकाळी ताईने भावोजींना सांगितलं. ते पिनकुशनशी चाळा करत ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "मग इतके दिवस सुया काय हौस म्हणून ओवत होतो?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तू लपवत होतीस. म्हटलं, तुला लपवायचंय तर लपवू द्यावं." मग ते उठून दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले, बऱ्याच वेळाने आत आले आणि दुसऱ्या दिवसाच्या सुया ओवायला बसले.

डॉक्टरांनी ताईला चालायला लावलं, कागदावर गोगलगाईसारखं वेटोळं काढायला लावलं. ते वेटोळं जसजसं बाहेर गेलं तसतसं आकसत गेलं. आजाराला नाव होतं आणि दिशा एकच होती. गोळ्यांनी काही वर्षं निघतील, डॉक्टर म्हणाले. छोटीने विचारलं, आधी कळलं असतं तर? त्यांनी चष्मा पुसत सांगितलं की शेवट बदलला नसता, मधले काही महिने कदाचित सोपे गेले असते. ते महिने कुठले हे छोटीला ठाऊक होतं. त्या महिन्यांत ती रोज सकाळी त्याच अंगठ्यावरचे किडे मारत होती.

ताईने अवघड कामं घेणं आधी सोडलं, मग नवी कामं घेणं सोडलं. थंडी सरता सरता आजार उजव्या हातावरही आला. दुकान उघडं असायचं, कारण भावोजींना घरी बसून करमत नसे. गिऱ्हाईक आलं तर ते त्याला पुढच्या चौकातल्या दुकानाचा पत्ता सांगायचे.

एका रविवारी ताई म्हणाली, "छोटे, तो कापडाचा तुकडा कुठे आहे गं? बटण लावलेला?"

तो प्रयोगशाळेच्या खणात होता. छोटीने पुढच्या खेपेला आणून दिला. पडद्यावर दिसायचा त्यापेक्षा तो कितीतरी लहान होता आणि निळाही तितका निळा नव्हता. ताईने तो मांडीवर घेतला, नखाने बटण हलवून पाहिलं. खरंच वाकडं होतं. इतके दिवस डोळ्यांसमोर असून छोटीला ते आता दिसलं.

"कात्री दे."

"असू दे ना ताई."

"वाकडं कशाला असू दे?"

बारीक कात्रीचं टोक टाक्याखाली जाईना. दोनदा कापडात घुसलं. भावोजींनी हात पुढे केला आणि मागे घेतला. शेवटी एकेक टाका तुटला, लाल दोऱ्याची कुसं ताईच्या मांडीवर पडली आणि बटण सुटून तिच्या तळहातावर आलं. भावोजींनी न सांगता ओवलेली सुई तिच्या हातात दिली. लालच दोरा.

छोटीने कापडाची एक कड धरली. ताईने बटण कापडावर टेकवलं. ते सरकलं. तिने पुन्हा टेकवलं. अंगठा त्याच्यावर इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होता, कुठेही न जाता. सुई बटणाच्या भोकाशी यायची, कडेला लागायची, टिक असा बारीक आवाज व्हायचा. छोटी मोजत नव्हती. फक्त ते टिक ऐकत होती. समोर भावोजी खिडकीबाहेर काहीतरी बघायचं म्हणून बघत होते.

बऱ्याच वेळाने ताईने सुई पिनकुशनवर टोचली. तीसुद्धा आडवीच लागली.

"उद्या बघू," ती म्हणाली. "आज उजेड कमी आहे."

बाहेर लख्ख ऊन होतं.

"हो," भावोजी म्हणाले. "आज उजेड कमीच आहे."

छोटीने बटण बटणांच्या डब्यात टाकलं, बाकीच्या बटणांत. कापडाची घडी करताना तिचा अंगठा जुन्या टाक्यांच्या जागी गेला. तिथे चार भोकं राहिली होती, बोटाला लागतील न लागतील इतकी बारीक, तिरपी बसलेली. तिने घडी तशीच सोडली आणि ताईचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. तो थांबला नाही. तिने तो थांबवायचा प्रयत्नही केला नाही.

"जेवलीस का?" ताईने विचारलं.